रेडिओ डुगडुगायला लागला तेव्हा

आधी एक सांगून टाकते, मग बाकीचं. चार्जर माझ्या मोबाइलचा होता, चांगला धड होता, आणि आग त्याच्यामुळे लागली नाही. हे मी दुकानदाराला सांगितलं, दिरांना सांगितलं, जावेला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या दोघींनाही सांगितलं. कुणी धड ऐकून घेतलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

सासूबाईंना रेडिओ लागतोच. सकाळी अस्मिता वाहिनी, दुपारी जे लागेल ते, आणि रात्री दहाला विविध भारतीवरचं छायागीत. ते संपेपर्यंत त्यांचा डोळा लागलेला असतो. रेडिओ उशीला टेकलेला, त्यावर पांघरुणाचा कोपरा. चाळीस वर्षं त्यांची हीच सवय. दोन मोठ्या सेलवर चालणाऱ्या जुन्या रेडिओला त्याने कधी काही झालं नाही. फार तर सकाळी सेल संपलेले असायचे. तो रेडिओ गेला आमच्या हलगर्जीपणाने. आई दोन महिने पुण्याला नणंदेकडे होत्या, सेल आतच राहिले. परत आल्यावर झाकण उघडलं तर सेल पाझरलेले, स्प्रिंगांवर हिरवट बुरशीसारखं साचलेलं.

नवा रेडिओ डोंबिवली स्टेशनजवळच्या एका दुकानातून जूनमध्ये घेतला. दुकानाचं नाव लिहीत नाही. साडेआठशे रुपये. एफएम, मेमरी कार्ड, वर टॉर्च. "सेलचा खर्चच नाही ताई, मोबाइलसारखा चार्ज करायचा." बिल मागितलं तर म्हणाला, "बिलाला जीएसटी वेगळा पडेल." खोक्याच्या मागे पेनाने '6 महिने' लिहून खाली सहीचं एक वेटोळं काढून दिलं. चार्जर खोक्यात नव्हता, नुसती वायर होती. "कुठलाही मोबाइलचा चार्जर चालतो." हे त्याचेच शब्द. मी लक्षात ठेवले आहेत, तो विसरला आहे.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी सकाळी टीपॉयवर उताणा ठेवलेला रेडिओ डुगडुगायला लागला. आधी सपाट बसायचा. बटण दाबलं की एका बाजूला कलायचा. मला वाटलं, टीपॉयचाच पाय कमी-जास्त झाला असेल. मी वर्तमानपत्राची घडी करून त्याच्याखाली सरकवली आणि स्वयंपाकाला लागले. रेडिओ उलटा करून पाहायचं काही सुचलं नाही.

रविवारी रात्री रेडिओ आईंच्या उशाशी माझ्या चार्जरवर लावलेला होता. दीडच्या सुमाराला वासाने जाग आली. जळकट वास नव्हता. नेलपॉलिश काढायच्या पाण्याला येतो तसा गोडसर, डोक्यात जाणारा. मग कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येते तशी फुसफुस. आईंच्या खोलीत गेले तर उशीच्या कडेने पांढरा धूर, आणि मी दिवा लावेपर्यंत वीतभर ज्वाळ. बोर्डाचं बटण बंद केलं, आईंना दंडाला धरून ओढून दारात बसवलं, गोधडीत गुंडाळून तो रेडिओ उचलला आणि मोरीत टाकून नळ सोडला. हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं असेल. उजव्या हाताची दोन बोटं भाजली. उशी गेली, गोधडी गेली. आईंच्या केसांची कानाजवळची एक बट करपली होती. तेवढ्यावर निभावलं.

मोरीत पाण्याखाली तो पडला होता. मागचं झाकण उकललेलं, आतली चपटी बॅटरी फुगून पुरीसारखी झालेली आणि एका कडेला फाटलेली. ते पाहिलं आणि मला ती वर्तमानपत्राची घडी आठवली. बॅटरी दोन दिवस आधीपासून फुगत होती. तिने झाकण बाहेर ढकललं होतं, म्हणून रेडिओ सपाट बसत नव्हता. आणि मी त्याच्याखाली कागद घालून तो नीट बसवला होता. मी तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसले. बोटांची आग तेव्हा जाणवतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दीर ठाण्याहून आले. हे नाशिकला होते, त्यांना यायला संध्याकाळ झाली. दिरांचं पहिलं वाक्य, "वहिनी, आईच्या हातात असलं खेळणं कशाला दिलंत?" दुसरं, "रात्रभर चार्जिंगला लावायचं नसतं, एवढं तर कुणालाही कळतं." महिन्यातून एका रविवारी येऊन जेवून जाणाऱ्या माणसाला सगळं कळतं. माझ्या पट्टी बांधलेल्या हाताबद्दल त्यांनी विचारलं ते निघताना. आई मात्र त्यांना म्हणाल्या, "तिने ओढलं नसतं तर तू आज वेगळ्या कारणाने आला असतास." मला तेवढं पुरलं.

दुकानदाराचं काय सांगू. जळका रेडिओ मी पिशवीतून घेऊन गेले. त्याने तो हातातही घेतला नाही. आधी म्हणाला, पाणी गेलं असेल. मग म्हणाला, "फास्ट चार्जर लावलात ना? तुमचीच चूक." मी त्याला त्याचेच शब्द ऐकवले, खोक्यावरची सही दाखवली. तर तो गल्ल्यावरच्या मुलाकडे बघत म्हणाला, "साडेआठशेच्या रेडिओकडून काय अपेक्षा करता?" साडेआठशेच्या रेडिओकडून माझी एवढीच अपेक्षा होती की त्याने म्हाताऱ्या माणसाची उशी पेटवू नये.

फास्ट चार्जरचं हे खूळ सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, म्हणून कल्याणच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनीही त्याच दुकानातून तसाच रेडिओ घेतला होता. तोही मागून नेला. काकांनी तो उघडला, चार्जिंगला लावला आणि बॅटरीवर मीटर धरला. असल्या लिथियम बॅटरीचं चार्जिंग 4.2 व्होल्टला थांबलं पाहिजे. मीटर 4.2 वर आला, पुढे 4.3 झाला, आणखी वर सरकायला लागला तेव्हा काकांनीच पिन ओढली. चार्जिंग थांबवणारा भाग रेडिओच्या आत असायला हवा आणि त्यात तो धड नव्हता. मग माझा चार्जर तपासला. त्या रेडिओला तो 5 व्होल्टच देत होता. फास्ट चार्जर जास्त व्होल्ट देतो ते समोरच्या मोबाइलने मागितले तरच, आणि असला साधा रेडिओ काही मागतच नाही. म्हणजे साधा चार्जर लावला असता तरी रात्रभरात हेच झालं असतं. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या उशाशी तोच रेडिओ महिनाभर होता, हे लक्षात आल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

दुरुस्तीवाल्यांनी आणखी एक दाखवलं. ती चपटी बॅटरी म्हणजे जुन्या नोकियाच्या फोनमधल्या बीएल-5सीचीच नक्कल. 2007 चा ऑगस्ट अनेकांना आठवत असेल. त्या जातीच्या बॅटऱ्यांपैकी मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या तापण्याचा धोका असल्याचं नोकियाने स्वतः जाहीर केलं होतं आणि बदलून देऊ केल्या होत्या. तेव्हा लोक फोनची मागची बाजू उघडून बॅटरीवरचे आकडे वाचत होते. त्या फोनना निदान एक मोठी कंपनी जबाबदार होती. आज त्याच मापाची बॅटरी कुणीही बनवतो, वर वाटेल तो आकडा छापतो, आणि ती स्वस्त रेडिओत जाऊन बसते.

आता जे शिकले ते सांगते.

रेडिओ घेताना दुकानातच मागचं झाकण उघडायला लावा. आत गोल सेलची जागा आहे की चपटी बॅटरी, ते बघा. चपटी असेल तर तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण, आयएस 16046 हा आकडा आणि 'आर' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. दुकानदार उघडून दाखवायला तयार नसेल तर घेऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी तर सरळ सेलवरचाच घ्या. सेलचा खर्च परवडतो.

चार्जिंग दिवसा, कुणी तरी जागं आणि खोलीत असताना करायचं. फरशीवर किंवा ओट्यावर. अंथरुणात, सोफ्यावर, विणलेलं कव्हर घालून नाही. ऐकताना चार्जिंग नको. मध्यम लहरीवर तर चार्जर लावला की घूंऽऽ आवाजच येतो, त्यामुळे तसंही काही ऐकू येत नाही. आणि रेडिओ सपाट बसेनासा झाला, झाकणाची फट वाढली, बटणं वर आली किंवा तो गोडसर वास आला, तर कागदाची घडी घालू नका. चार्जर काढा, रेडिओ बंद करा, गॅलरीत मोकळ्या जागी पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवा. फुगलेली बॅटरी दाबायची, टोचायची नाही. मैत्रिणीच्या मुलाने सुई टोचून 'हवा काढायचा' बेत केला होता, म्हणून सांगते.

पेटलाच तर आधी माणसं बाहेर काढा, बोर्डाचं किंवा मेनचं बटण बंद करा, मग लांबून भरपूर पाणी ओता. मी उचलला, तसा उचलू नका. धूर छातीत घेऊ नका. आटोक्यात येत नसेल तर दार ओढून घ्या आणि 101 ला फोन करा. भाजलेला भाग 20 मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. माझ्या बोटांना शेजारणीने मायेने टूथपेस्ट लावली होती. डॉक्टरांनी ती खरवडून काढली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं.

सेलवरच्या रेडिओचंही थोडं पाहावं लागतं. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. साधे सेल चार्ज करायला जाऊ नये. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत, पावसाळ्यात तर नक्कीच. पाझरलेल्या सेलला उघडा हात लावू नका, तोच हात डोळ्याला लागतो. ओल्या हाताने पिन लावू नये, विजा कडाडत असतील तेव्हा प्लग काढावा, हे सगळ्यांना माहीतच आहे.

निकामी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की ती तिथे पेटू शकते. आधारवाडीच्या डम्पिंगच्या आगींचा धूर कल्याणकरांनी वर्षानुवर्षं खाल्ला आहे, त्यात आपली भर नको. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या, तोवर वेगळी ठेवा.

आणि बिल घ्या. बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला आधी ठाऊक असतं तर 'जीएसटी वेगळा पडेल' ऐकून मी गप्प बसले नसते. रोख देण्यापेक्षा मोबाइलवरून द्या, नोंद राहते. तक्रार करायला 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पुढे जायचं तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मी 1915 ला नोंदवलं आहे. हातात पुरावा काय, तर जळका रेडिओ आणि खोक्यावरचं ते वेटोळं. तरी सोडणार नाही.

दीर म्हणाले होते, आता रेडिओ बंदच करा, मोबाइलवर ऐकायला शिकवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोकल ठप्प झाल्या, आमच्याकडे दिवे गेले आणि फोन लागेनात. तेव्हा या घरात बाहेरची खबर आली ती आईंच्या त्याच सेलवरच्या रेडिओवर. घरातली माणसं कुठे अडकली आहेत ते कळत नव्हतं, पण गाड्या कुठवर सुरू झाल्या ते तरी कळत होतं. रेडिओ या घरातून जाणार नाही.

आता दोन मोठ्या सेलचा रेडिओ आणला आहे, बिलासकट. तो पलंगापासून हातभर लांब असलेल्या स्टुलावर असतो. आई अजूनही झोपेत उशीशेजारी हात फिरवून चाचपतात.

भाजी आणायला जाते तेव्हा ते दुकान वाटेतच लागतं. काचेत तेच खोके रचलेले असतात, टॉर्चवाल्या बाजूने. कुणी खोका हातात घेऊन उलटसुलट करत असेल तर मी थांबते आणि मोठ्याने सांगते, "मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा." दुकानदार आता मला ओळखतो. परवा एका आजोबांनी खोका परत ठेवला.