सुख कशात आहे?

सुख सर्वांनाच हवे असते. यंत्रमागावर उभे राहणाऱ्याला हवे असते, तसे मागाच्या मालकालाही हवे असते. पण 'सुख म्हणजे काय?' असे विचारले, तर दहा जण दहा उत्तरे देतात. एक म्हणतो, पैसा. दुसरा म्हणतो, प्रकृती धड असली की झालं. तिसरा म्हणतो, मुलंबाळं सुखात, तर मी सुखात. यांतले एकही उत्तर खोटे नाही. पण एकही पुरते नाही. आज आपण याच प्रश्नाचा थोडा विचार करू.

आधी पोटाची गोष्ट बोलू. काही लोक गरिबाला सांगतात, "बाबा रे, सुख मानण्यावर आहे. आहे त्यात आनंद मान." आम्हाला हा उपदेश पटत नाही. ज्याच्या घरात चूल पेटली नाही, त्याला समाधानाचे धडे देणे ही थट्टा आहे. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी ही सुखाची पहिली पायरी आहे. ती चुकवून वर चढता येत नाही.

आपल्या सोलापुरातील विडी कामगार बायांनी हे ओळखले. दिवसभर विड्या वळायच्या आणि दाटीवाटीत राहायचे, असे त्यांच्यापैकी अनेकींचे जिणे होते. त्यांनी सहकारी संस्था केली. वर्षानुवर्षे नेट धरला. अखेर २००६ साली कुंभारी गावाजवळ त्यांच्या दहा हजार घरांच्या वसाहतीचे उद्घाटन झाले. "आहे त्यात सुख मानू" म्हणून त्या बसल्या असत्या, तर ही घरे झाली असती का? म्हणून हक्काचे असेल ते मागावे आणि एकजुटीने मागावे.

आता पुढचा प्रश्न. पोट भरले, घर झाले. मग सुख पुरे झाले का? घरात नवी वस्तू येते. चार दिवस मजा वाटते. पाचव्या दिवशी शेजाऱ्याची वस्तू आपल्याहून चांगली दिसू लागते. हे सुख खडीसाखरेसारखे आहे. तोंडात असते तोवर गोड, विरघळली की संपली. दुसरे एक सुख असते, ते भाकरीसारखे. खाताना त्याचे कौतुक वाटत नाही, पण ते अंगी लागते. त्याला आपण समाधान म्हणतो. ते कसे मिळते हे समजावे, म्हणून आपल्याच गावच्या एका माणसाची हकीकत सांगतो.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईला शिकून ते डॉक्टर झाले. दवाखाना काढून सुखाने राहावे, एवढी विद्या त्यांच्या हाती होती. पण १९३७ साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. चीनमध्ये जखमींचे फार हाल होऊ लागले. चीनकडून भारताकडे मदतीची मागणी आली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. तरीही पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडण्यात आले. त्यांत कोटणीस होते. नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते.

मुलूख परका, भाषा परकी, थंडी कडाक्याची. कोटणीसांनी चिनी भाषा शिकून घेतली. चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. तरी ते मागे फिरले नाहीत. त्या मुलखात बेथून नावाचे कॅनडाचे डॉक्टर जखमींची सेवा करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून १९३९ साली ते वारले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणीसांकडे आले. जखमींवर शस्त्रक्रिया करायच्या आणि तरुणांना वैद्यकी शिकवायची, असे दुहेरी काम ते करीत. तिथल्याच गुओ छिंगलान नावाच्या परिचारिकेशी त्यांनी १९४१ साली लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले इनह्वा. 'इन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन. पण कोटणीसांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. त्या दुखण्यातच ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता.

आता कुणी म्हणेल, "मास्तर, यात सुख कुठं दिसलं तुम्हाला? तरणाताठा माणूस गेला. बायको-लेकरू उघड्यावर पडलं." प्रश्न रास्त आहे. मोठ्या कामाची किंमत घरच्या माणसांनाही मोजावी लागते. हे लपवू नये. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. परत येण्याची वाट कोटणीसांना मोकळी होती. पथकातले बाकीचे चौघे आपापल्या वेळी मायदेशी परतले. नकोसे झाले असते, तर कोटणीसही निघाले असते. ते आपखुशीने राहिले, कारण 'इथे माझी गरज आहे' असे त्यांना वाटले. आपली कुणाला तरी गरज आहे आणि ती आपण भागवतो आहोत, हे जाणणे म्हणजेच समाधान. आम्हाला तरी सुखाचे मूळ इथे दिसते. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. सोलापुरातील त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. पण चित्रपट आणि स्मारक मागून आले. त्यांचे जगणे त्याआधीच सार्थकी लागले होते.

मग सर्वांनीच दूरदेशी जावे काय? मुळीच नाही. आपल्या गावचा सिद्धेश्वर तलाव पाहा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तो लोकांच्या श्रमातून खोदविला, असे सांगतात. सिद्धरामेश्वरांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण ज्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्या, त्यांची नावे कुठे आहेत? ती कुणाला माहीत नाहीत. पाणी मात्र पुढच्या कितीतरी पिढ्यांच्या कामी आले. नाव राहणे वेगळे आणि काम राहणे वेगळे. पाटी वाहणाऱ्याचे जगणेही सार्थकीच लागले.

तुम्ही विणलेली चादर थंडीच्या रात्री कुणाच्या तरी अंगावर असते. तेव्हा ती धड विणावी, आणि मजुरीही पुरी घ्यावी. चांगले काम करणारा काही फुकट राबायला बांधलेला नाही. तसेच, दुसऱ्यासाठी जगायचे म्हणजे स्वतःला उपाशी ठेवायचे, असा अर्थ माय-बहिणींनी काढू नये. सगळ्यांना वाढून उरलेसुरले खाणारी माऊली आजारी पडली, तर सारे घर आजारी पडते. ज्या घरात तिला आग्रहाने जेवायला वाढतात, ते घर सुखी.

आता तुम्ही वाचायला शिकला आहात. ही विद्या पेटीत ठेवू नका. शेजारच्या म्हाताऱ्याला औषधाच्या बाटलीवरचे वाचून दाखवा. परगावच्या माणसाला एसटीची पाटी वाचून सांगा. तो दोन शब्द चांगले बोलेल किंवा तसाच निघून जाईल. पण त्या रात्री तुम्हाला झोप चांगली लागेल. करून पाहा.

विचार करा व सांगा

१. विडी कामगार बायांनी 'आहे त्यात सुख' का मानले नाही?
२. खडीसाखरेसारखे सुख आणि भाकरीसारखे सुख, यांत फरक काय?
३. डॉक्टर कोटणीस परत का आले नाहीत? त्यांनी परतायला हवे होते, असे तुम्हाला वाटते का? आपले मत मोकळेपणाने सांगा.
४. आज तुमच्यामुळे कुणाचे काम सोपे झाले? घरी जाऊन एका ओळीत लिहा. उद्या वर्गात वाचून दाखवा.