घटक ४ : स्थळपरिचयाची भाषा – लोणार, ज्ञानगंगा आणि परिसरातील जलाशय

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला स्थळपरिचय हा उपयोजित लेखनप्रकार प्रवासवर्णनापासून वेगळा ओळखता येईल. एकाच पाण्याला वा वनाला मिळालेल्या निरनिराळ्या नावांमागील हेतू सांगता येतील. आणि आपल्या परिसरातील एखाद्या स्थळाचा परिचय अचूक, उपयुक्त मराठीत लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, प्रवासवर्णन आणि स्थळपरिचय हे शेजारी राहणारे लेखनप्रकार आहेत. पण त्यांचे घर एक नाही. प्रवासवर्णनात लेखक केंद्रस्थानी असतो. त्याला काय दिसले, काय वाटले, हे वाचण्यासाठीच आपण ते हाती घेतो. स्थळपरिचयाचा वाचक मात्र अजून तेथे गेलेला नसतो. तो परिचय वाचून घरातून निघणार असतो, बरोबर मुले असतात, वडीलधारी माणसे असतात. येथे एखादा शब्द चुकला तर त्याची किंमत लेखक मोजत नाही. ती वाचक मोजतो, आणि पुष्कळदा ते स्थळ मोजते.

उदाहरणांसाठी आपण बुलढाणा जिल्हा घेतला आहे. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे ओळखले जाते. विवेकानंद जयंतीच्या उत्सवातील तेथील महाप्रसादाची पंगत दूरवर ठाऊक आहे. हिवर हे पांढरट सालीचे काटेरी झाड. त्यावरून पडलेली हिवरा, हिवरी, हिवरखेड अशी ग्रामनामे विदर्भात ठिकठिकाणी आढळतात. त्यामुळे गावाच्या नावाचा पहिला शब्द झाडाचा आणि दुसरा संस्थेचा आहे. या गावातील एखादे कुटुंब सुटीच्या दिवशी मोकळ्या हवेत जावे म्हणून निघाले, तर जवळ कोराडी प्रकल्पाचे पाणी आहे, मेहकर ओलांडून पुढे लोणारचे सरोवर आहे, आणि जिल्ह्याच्या उत्तरेकडे बुलढाणा-खामगाव रस्त्यावर ज्ञानगंगा अभयारण्य आहे. या तीन ठिकाणी जाताना वाटेत भेटणारे शब्द हाच आपल्या अभ्यासाचा विषय.

४.३ पाण्याची नावे

तळे, तलाव, सरोवर, जलाशय, धरण, कुंड, बारव, डोह, तीर्थ हे शब्द कोशात जवळजवळ येत असले तरी व्यवहारात त्यांची अदलाबदल होत नाही. 'तळे' घरगुती आहे. 'तलाव' म्हटले की बहुधा बांधलेले, कोणाच्या तरी देखभालीखालचे पाणी डोळ्यांपुढे येते. 'सरोवर' काव्यातून आले आणि आपला थाट त्याने सोडलेला नाही. 'जलाशय' अभियंत्याच्या कागदावरचा.

कोराडीकडे निघालेला माणूस 'धरणावर जातो' असे म्हणतो. पाटबंधारे खात्याच्या कागदांत तोच 'मध्यम प्रकल्प' असतो. 'प्रकल्प' या शब्दात पाण्याचा थेंबही नाही, तरीही 'प्रकल्प भरला' असे वाक्य पावसाळ्यात आपण सहज उच्चारतो, हा भाषेचा समंजसपणा म्हणायचा. धरणांना गौरवाची नावे देण्याची आपली पद्धतही पाहा: जायकवाडीचा नाथसागर, कोयनेचा शिवसागर, उजनीचा यशवंतसागर. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीवरच्या जलाशयाला संत चोखामेळ्यांचे नाव मिळाले. त्यांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणा राजा याच देऊळगाव राजा तालुक्यातले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कोरडवाहू मुलखाने साठलेल्या पाण्याला 'सागर' म्हणावे, यात अतिशयोक्ती आहे, तशीच तहानही आहे.

आता परिचयलेखकाच्या दृष्टीने यातला फरक पाहू. 'तलाव' वाचून आलेला पाहुणा मनात पायऱ्या किंवा हळूहळू खोल होत जाणारा काठ घेऊन येतो. धरणाचे पाणी तसे नसते. जेथे ते साठले आहे ते बुडीत क्षेत्र असते. त्याच्या पोटात जुनी विहीर, नाल्याचे पात्र, मुरूम काढलेली खदान असू शकते. पाणी सोडल्यानंतर उघडा पडलेला काठ वरून वाळलेला आणि आतून गाळाचा असतो. म्हणून 'मनसोक्त जलविहाराचा आनंद लुटावा' असे वाक्य लिहिणाऱ्याने आधी हे पाणी कोणत्या शब्दाचे आहे, हे स्वतःला विचारले पाहिजे.

४.४ लोणार : एक पाणी, अनेक दावे

लोणारचे विवर काठापाशी सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. काठावर उभे राहिले की खाली, शंभर मीटरहून अधिक खोलीवर, झाडीच्या कड्यात बसवल्यासारखे पाणी दिसते. हे पाणी खारे आणि तीव्र क्षारधर्मी आहे. काठाच्या अंगाला मात्र गोड्या पाण्याची धार अखंड वाहते. एवढे वर्णन सर्वांना मान्य होईल. मतभेद यापुढे, नावांपासून सुरू होतात.

प्रथम गावाचे नाव. संस्कृत 'लवण'पासून मराठीत 'लोण' झाले. आपल्या ताटातील 'लोणचे' याच कुळातले. लोणार या नावात मीठ आहे, याबद्दल लोककथा आणि भाषाशास्त्र यांचे एकमत आहे. फक्त कथेत ते मीठ लवणासुराच्या रूपाने येते. भगवान विष्णूंनी या दैत्याचा वध केला आणि दैत्यसूदन हे नाव धारण केले, अशी श्रद्धा आहे. गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर या कथेला आधार देत उभे आहे. विवराच्या परिसरात गोमुखाची धार, रामगया, सीता न्हाणी आणि पाण्याकाठी कमळजादेवीचे मंदिर आहे. यात्रेकरूसाठी हे 'तीर्थ' आहे. तीर्थ या शब्दाची मूळ कल्पना पाण्यात उतरण्याच्या, पार होण्याच्या जागेची. म्हणजे तीर्थ म्हटले की स्नान आलेच.

मीठ गोळा करणाऱ्यांसाठी हेच पाणी एकेकाळी उत्पन्नाचे साधन होते. येथील क्षारांच्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती व ती जुन्या जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंदली गेली. 'पापडी' आणि 'भुसकी' हे शब्द ऐकताच थराचा आणि भुग्याचा पोत हाताला जाणवतो. धंदा गेला तसे शब्दही बोलण्यातून गेले. मला विचाराल तर लोणारच्या कोणत्याही माहितीपत्रकात या चार शब्दांना एक ओळ मिळायला हवी.

इंग्रज अधिकारी जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या विवराची नोंद केली. त्याआधी 'ऐन-ए-अकबरी'तही त्याचा उल्लेख आहे. पुढे बराच काळ ते ज्वालामुखीचे मुख मानले गेले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने बेसॉल्ट खडकात आघातामुळे काच बनलेले खनिज दाखवले. अशी काच ज्वालामुखीच्या उष्णतेने बनत नाही, त्यासाठी प्रचंड धडक लागते. तेव्हापासून 'उल्काविवर' हा शब्द रूढ झाला. येथे मराठीतील एक सुंदर भेद आपण वाया घालवतो. आकाशात जळताना दिसते ती 'उल्का'. जमिनीवर येऊन पोचतो तो 'अशनी'. लोणारला जे आदळले ते अशनी होते. 'अशनीविवर' किंवा 'आघातविवर' हे शब्द अधिक नेमके. पण रूढ शब्द पुसून टाकण्याचा हट्ट परिचयलेखकाने धरू नये. एकदा दोन्ही देऊन पुढे जावे.

विवराच्या वयाबद्दल अधिक जपून लिहावे लागते. अनेक ठिकाणी 'बावन्न हजार वर्षांपूर्वी' असे ठामपणे छापलेले असते. ते एका कालमापन पद्धतीचे उत्तर होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन मापनाने हेच वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दिले. दहापटीहून अधिक फरक! 'अमुक मापनानुसार' हे दोन शब्द जोडले असते तर जुना फलक आजही खोटा ठरला नसता.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. 'चमत्कार', 'गूढ', 'निसर्गाची किमया' हे शब्द तेव्हा सर्वत्र फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि कारण मीठप्रेमी सूक्ष्मजीवांत आढळले. पाणी आटून क्षारता वाढली होती, त्यामुळे गुलाबी रंगद्रव्य असणारे हे जीव बहरले. पुढे पावसाने पाणी पातळ होताच रंग ओसरला. 'चमत्कार' हा शब्द श्रद्धेचा म्हणून मी त्याला नाकारत नाही. तो प्रश्न बंद करतो, ही माझी तक्रार आहे. पाणी का आटले, गोडे पाणी किती मिसळते, गावाचे सांडपाणी कोठे जाते, हे प्रश्न 'चमत्कार' म्हटल्यावर कोणी विचारीत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार 'रामसर स्थळ' जाहीर झाले. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातील हे दुसरे. रामसर हे इराणमधील शहर. पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार तेथे १९७१ मध्ये झाला. परंतु ज्या गावात रामगया आहे, सीता न्हाणी आहे, तेथे 'राम' आणि 'सर', म्हणजे रामाचे सरोवर, असा अर्थ वाचणाऱ्याला सहज सुचावा! यालाच आपण मागील घटकात 'लोकव्युत्पत्ती' म्हटले. ती चुकीची असली तरी निरुपद्रवी आहे, आणि शब्द स्मरणात ठेवण्यास मदतच करते.

एकच पाणी तीर्थ आहे, विवर आहे, अभयारण्य आहे, पाणथळ आहे आणि पर्यटनस्थळही आहे. तीर्थ म्हणते, स्नान करा; सूक्ष्मजीवांचा अभ्यासक म्हणतो, साबण पाण्यात जाऊ देऊ नका; पर्यटनस्थळ म्हणते, अधिकाधिक लोक या; अभयारण्य म्हणते, विचारून या. परिचयलेखकाला या दाव्यांचा न्यायनिवाडा करता येत नाही, पण एक निवडून बाकीचे लपवण्याचाही अधिकार त्याला नाही.

४.५ 'अभयारण्य' आणि 'उद्यान'

अ-भय-अरण्य : जेथे भय नाही असे अरण्य. भय कोणाला नाही? पाहुण्यांना, असा समज करून घेणारे पुष्कळ भेटतात. कायद्याच्या दृष्टीने अभय वन्यजीवांना आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते. ज्या कारणांसाठी ती मिळू शकते त्यांत अभ्यास, छायाचित्रण, संशोधन यांच्याबरोबर पर्यटन हे एक कारण आहे. म्हणजे आपण तेथे पाहुणे आहोत.

'राष्ट्रीय उद्यान' या शब्दाने तर अधिकच घोटाळा केला. आपल्याकडे उद्यान म्हणजे हिरवळ, कारंजे, झोपाळा, भेळेची गाडी. प्रत्यक्षात राष्ट्रीय उद्यानाचे बंधन अभयारण्यापेक्षा कडक असते. तेथे गुरे चारण्यासही मनाई आहे. सौम्य शब्दाला कठोर अर्थ मिळाला, आणि 'अरण्य' हा भारदस्त शब्द तुलनेने सैल नियमांकडे गेला.

ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. बिबट्या, अस्वल, नीलगाय हे तेथील रहिवासी. माहितीपत्रकातील 'नीलगाय' जवळच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'रोही' असते. आणि 'रोही' हा शब्द तो कौतुकाने नव्हे, रात्री पिकाची जागल करून लाल झालेल्या डोळ्यांनी उच्चारतो. दोन्ही शब्द दिले तर वाचकाला प्राणीही कळतो आणि त्याचा शेजारीही.

२०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून टी-१ सी-१ नावाचा तरुण वाघ निघाला. गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे त्याचा माग राहिला. तेलंगणात जाऊन, मराठवाड्याची शेते, नाले, रस्ते ओलांडून, सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरमध्ये ज्ञानगंगेत पोचला. परदेशी वृत्तपत्रांनी त्याला 'वॉकर' म्हटले. नकाशावर अभयारण्य एका हिरव्या ठिपक्यात संपते. वाघाचे अरण्य त्या ठिपक्यांमधल्या कपाशी-सोयाबीनच्या शेतांतूनही जाते. ज्ञानगंगेचा परिचय लिहिताना 'वाघ पाहण्याची सुवर्णसंधी' असे लिहू नका. एक वाघ येथे आला आणि त्यासाठी काय काय ओलांडून आला, एवढे लिहिले तरी वाचक जंगलात आवाज कमी करील.

४.६ वाक्यांची निवड

पुढील वाक्य वाचा : 'निसर्गाच्या कुशीत वसलेले, हिरव्यागार वनराईने नटलेले हे नयनरम्य सरोवर पर्यटकांना सतत खुणावते.' हे वाक्य मी या घटकासाठी रचले. पण तुम्ही ते कोठेतरी वाचलेच आहे, असे तुम्हांला वाटेल. सरोवराचे नाव बदला, वाक्याला काही होणार नाही. आता हे पाहा : 'सरोवराचे पाणी खारे असून पिण्यास योग्य नाही. काठावरून खाली जाणारी वाट उताराची व दगडांची आहे. चढून येण्यास उतरण्यापेक्षा अधिक वेळ लागतो. पिण्याचे पाणी सोबत घ्यावे आणि शक्यतो सकाळी उतरावे.' यात एकही अलंकार नाही, पण गुडघे दुखणाऱ्या आईला खाली न्यावे की काठावरूनच सरोवर दाखवावे, हे यावरून ठरवता येते.

सूचनांच्या क्रियापदांकडेही लक्ष द्या. 'येथे कचरा टाकू नये' या रचनेत कर्ता नाही. वाचणारा मनातल्या मनात तो कर्ता दुसऱ्याला करतो. 'कचरा टाकू नका' यात समोरचा माणूस आहे, पण दटावणीही आहे. 'आपण आणलेले सर्व काही परत न्यावे' यात निषेध नाही, कृती आहे, आणि ती करणारा कोण, हेही स्पष्ट आहे. श्रद्धेविषयी लिहिताना 'अशी श्रद्धा आहे', 'म्हणतात', आणि संशोधनाविषयी लिहिताना 'आढळले', 'मापनानुसार' ही क्रियापदे काटेकोरपणे वेगळी ठेवा. ती मिसळली की दोन्हींचा अपमान होतो.

४.७ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'तीर्थ' आणि 'पर्यटनस्थळ' हे शब्द पाहुण्याकडून कोणत्या वेगवेगळ्या वर्तनाची अपेक्षा करतात? लोणारच्या संदर्भात लिहा.
२. 'उल्का' व 'अशनी' यांतील भेद सांगून रूढ शब्दाबाबत परिचयलेखकाने कोणती भूमिका घ्यावी, ते स्पष्ट करा.
३. 'अभयारण्य' आणि 'राष्ट्रीय उद्यान' या संज्ञांचा शब्दार्थ व कायदेशीर आशय यांतील अंतर विशद करा.

४.८ उपक्रम

तुमच्या गावाजवळचे एखादे तळे, धरण, बारव किंवा वन निवडा. तेथे प्रत्यक्ष जा. त्या जागेला गुराखी, मासेमारी करणारे, पुजारी आणि सरकारी फलक कोणकोणत्या नावांनी ओळखतात, ते वहीत जसेच्या तसे, बोलीतल्या उच्चारांसह उतरवून घ्या. नंतर दीडशे शब्दांत त्या स्थळाचा परिचय लिहा. त्यात एकही 'निसर्गरम्य' नको. लिहून झाल्यावर तो परिचय तेथे कधीही न गेलेल्या एका व्यक्तीला वाचायला द्या आणि ती तुम्हांला काय काय विचारते, ते खाली टिपून ठेवा. संपर्कसत्राला येताना मजकुराबरोबर हे प्रश्नही आणावेत. चर्चा त्यांच्यापासून सुरू होईल.