पुनरुक्तींतील फरक : एका जुन्या इंग्रजी गीताचा अभ्यास

तेच ते शब्द पुनः पुनः येणें हें कवीच्या शब्ददारिद्र्याचें लक्षण होय, असें आपल्या कित्येक बंधूंस वाटतें. ह्या समजुतीची परीक्षा व्हावी म्हणून आम्ही ‘लॉर्ड रँडल’ हें लोकगीत घेतों. तें इंग्लंड व स्कॉटलंड ह्या देशांत तोंडीं चालत आलें. त्याचा कर्ता अज्ञात आहे. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड ह्या अमेरिकन पंडितानें १८८२ ते १८९८ ह्या काळांत प्रसिद्ध केलेल्या ३०५ लोकगीतांच्या संग्रहांत त्याचा क्रमांक १२ आहे.

वृत्त.—मराठी पद्यांत आपण अक्षरें, लघुगुरु किंवा मात्रा मोजतों. इंग्रजींत मुख्यतः आघात मोजावे लागतात. ह्या गीताच्या चरणांत बहुधा चार आघात आहेत. मधलीं हलकीं अक्षरें कमीजास्त झालीं तरी ताल मोडत नाहीं.

यमक.—प्रत्येक कडव्यांत चार चरण आहेत. पहिल्या दोहोंत आई विचारते, पुढल्या दोहोंत मुलगा उत्तर देतो. आईच्या चरणांचें यमक पुरतें जुळत नाहीं; परंतु अंत्य शब्द तेच येत असल्यामुळें कानास तेवढें पुरतें.

पुनरुक्ति.—मुलगा दर वेळीं आईस अंथरूण घालावयास सांगतो व शिकारीनें थकल्याचें कारण देतो. नवी हकीकत थोडीथोडीच कळते : तो रानांत गेला, तेथें प्रिया भेटली, तिनें वाम मासे खाऊं घातले, त्याचे कुत्रे मेले. मग आई विषाची शंका बोलून दाखविते. मुलगा ती खरी म्हणतो, आणि त्याच कडव्यांत थकव्याचें कारण जाऊन अंतःकरणाच्या व्यथेचें कारण येतें. शब्द दोन-तीनच बदलले. पण विसाव्याचें अंथरूण मरणाचें झालें! आधींची पुनरुक्ति कानांत बसली नसती, तर हा फरक कोणाच्या लक्षांत आला असता?

जें अनेकांनीं पुस्तकावांचून जतन केलें, त्यांतील पुनरुक्ति स्मरणास आधार देते आणि अर्थही वाहते. म्हणून निरक्षर मंडळीस पद्य शिकविणाऱ्या बंधूंनीं पालुपद उरकून टाकूं नये. तें सर्वांकडून सावकाश म्हणवून घ्यावें.

अभ्यासाकरितां प्रश्न :
१. मराठी व इंग्रजी वृत्तांच्या मोजणींत भेद कोणता?
२. शेवटच्या चरणांतील कारण केव्हां बदलतें?
३. तें पहिल्याच कडव्यांत बदललें असतें, तर काय गमावलें असतें?