वेलिंग्टनची चित्रे आणि असईच्या तोफा

खिदिरपूरचा पूल ओलांडून मैदानाकडे निघालो की फोर्ट विल्यमचा परिसर लागतो. १८०४ साली याच कलकत्त्यात रॉबर्ट होम या चित्रकाराने लाल डगल्यातील एका इंग्रज सेनानीचे व्यक्तिचित्र रंगवले. तो आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लू जिंकणारा आणि ब्रिटनचा पंतप्रधान झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तेव्हा तो पस्तिशीचा मेजर जनरल होता. गव्हर्नर जनरल त्याचा थोरला भाऊ. चित्र आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

चेहरा शांत आहे. पण वर्षभरापूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याशी लढताना या माणसाची सुमारे दीड हजार माणसे ठार, जखमी झाली होती. प्रत्यक्ष लढलेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा! उतारवयातही तो आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचेच नाव घेई, वॉटर्लूचे नव्हे.

व्यक्तिचित्रात रणांगण मावत नाही, हे समजू शकते. पण विल्यम हीथच्या चित्रावरून स्टॅडलरने केलेला असईचा प्रसिद्ध छापही पाहा. वेलस्ली घोड्यावर, सैन्याला हुकूम देतो आहे. हीथ स्वतः लढाईच्या वेळी लहान मुलगा होता, म्हणजे सारे ऐकीव. शिंद्यांच्या कवायती पायदळाची गोष्ट त्यातून कळत नाही. वेलस्ली केळणा नदी ओलांडून बगलेवर येतो आहे हे दिसताच त्या पलटणींनी काटकोनात वळून केळणा आणि जुई या नद्यांच्या मध्ये नवी फळी उभी केली. परेडच्या मैदानावर एवढ्या मोठ्या रांगेला वळवणे किती अवघड, हे तुम्हांला सांगायला नको. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून मारा केला. माझ्या मते चित्र काढायचे तर या क्षणाचे.

नंतरचे चित्रकार त्याच्या कीर्तीमागे धावले. स्पेनमध्ये गोयाने थकलेल्या डोळ्यांचा वेलिंग्टन रंगवला, मग मानसन्मान वाढले तशी छातीवरची पदके बदलली. (ते चित्र १९६१ मध्ये चोरीला गेले आणि १९६५ मध्ये परत मिळाले.) ग्लासगोला मारोकेत्तीने १८४४ साली केलेला त्याचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याच्या डोक्यावर लोक वाहतुकीचा शंकू चढवतात, म्हणून तो जगभर माहीत. चौथऱ्यावर मात्र वॉटर्लूबरोबर असईची लढाईही कोरलेली आहे.

पुढच्या तासाला येताना असईचा नकाशा काढून आणा. आधी दोन्ही नद्या, मग तोफांची रांग. वेलस्लीचा घोडा शेवटी.