आश्रय दिलेला कुत्रा कोणाचा?

भटका कुत्रा दारात येऊन बसतो, मुले त्याला चतकोर भाकरी घालतात, आठ दिवसांत त्याला नाव मिळते आणि तो घरचा होतो. आपल्या उरण परिसरात, मग तो मोरा-करंज्याचा कोळीवाडा असो की द्रोणागिरीच्या नव्या इमारती, ही गोष्ट नवी नाही. मुक्या प्राण्याला अन्न व आसरा देणे हे सत्कृत्यच होय. परंतु हा कुत्रा कोणाचा आणि त्याचे खरे ठिकाण कोणते, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. करुणेचे काम भाकरी घालून संपत नाही. या प्रश्नाचा शोध घेतल्यावरच ते पुरे होते, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम एक अलीकडचे उदाहरण पाहू. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी तालुक्यात यमगर्णी हे गाव आहे. तेथील ‘महाराज’ नावाचा कुत्रा जून २०२४ मध्ये आपल्या धन्याबरोबर पायी पंढरपूरला निघाला. पंढरपूरच्या गर्दीत दोघांची चुकामूक झाली. शोध घेऊनही कुत्रा सापडेना, तेव्हा धनी १४ जुलैला गावी परतला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो ‘महाराज’ शेपूट हलवीत दारात उभा! सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट त्याने एकट्याने काढली होती. गावाने त्याला हार घातला आणि जेवणावळ केली. आता विचार करा, त्या वाटेवर ज्यांनी त्याला पाहिले असेल त्यांना तो बेवारस कुत्राच वाटला असणार. एखाद्या दयाळू माणसाने त्याला घरी नेऊन बांधून ठेवले असते, तर तीच दया त्याच्या घराच्या आड आली असती.

दारात आलेला कुत्रा साधारणपणे तीनपैकी एका प्रकारचा असतो. पहिला चुकलेला. गळ्यात पट्टा किंवा पट्ट्याचा वण, हाकेला ओ देण्याची व घरात वावरण्याची सवय, या त्याच्या खुणा. दुसरा त्या वस्तीचाच. त्याला एक मालक नसतो, परंतु मासळी बाजार, चहाची टपरी, यार्डावरचा पहारेकरी अशा अनेकांच्या घासावर तो जगतो. त्याच्या कानाचे टोक कापलेले असेल तर निर्बीजीकरण झाले आहे असे समजावे. तिसरा मुद्दाम सोडून दिलेला. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे जनावराची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सबळ कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे.

कुत्रा कोणत्या प्रकारचा हे ठरेपर्यंत त्याला पाणी व अन्न द्यावे, पण लहान मुलांपासून व घरच्या इतर जनावरांपासून वेगळा ठेवावा. पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी करून रेबीजची लस टोचून घ्यावी. कातडीखाली मायक्रोचिप आहे का, हेही तेथे विचारावे. छायाचित्र काढून जेथे तो सापडला तेथील दुकानदार, रिक्षावाले व शाळकरी मुले यांच्याकडे चौकशी करावी. मोरा जेट्टी, एस.टी. स्थानक आणि १२ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेले उरण रेल्वे स्थानक या ठिकाणीही विचारपूस करावी. सूचना लिहिताना एक खूण मुद्दाम गाळावी. खरा धनी ती आपणहून सांगतो.

कुत्र्याने चावा किंवा ओरखडा काढला तर हळद-चुना लावीत बसू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. मैत्री कुत्र्याशी जशी, तशीच शेजारच्या लेकराशीही हवी.

वस्तीच्या कुत्र्याबाबत कायद्याची दिशा स्पष्ट आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरण झालेला कुत्रा जेथून पकडला तेथेच परत सोडावयाचा असतो. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्रे वगळून हेच तत्त्व ठेवले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात मात्र शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातून नेलेले कुत्रे पुन्हा तेथे सोडू नयेत असे सांगितले. म्हणजे कुत्र्याला त्याची जागा आहे, पण माणसाच्या सुरक्षिततेची मर्यादाही आहे.

येथे कोणी म्हणेल, सिद्धार्थ व देवदत्त यांच्या हंसाच्या कथेत जीव वाचविणाऱ्याचाच हक्क मानला गेला ना? खरे आहे. परंतु तो निवाडा मारणारा आणि वाचविणारा यांच्यातला होता. आपल्या कुत्र्यासाठी डोळ्यांत पाणी आणून गल्लोगल्ली हिंडणारा माणूस देवदत्त नव्हे. बँकेत ज्या रकमेचा धनी ठरत नाही ती उचंत खात्यात ठेवतात. ती तेथे कितीही दिवस राहिली तरी बँकेच्या मालकीची होत नाही, आणि तिच्या पैन् पैचा हिशेब ठेवावा लागतो. आश्रय दिलेला जीव असाच सांभाळावा.

शोध घेऊनही कोणी पुढे आले नाही आणि कुत्रा परत सोडण्याजोगा नसला, तर आपले घर हेच त्याचे ठिकाण. पण मग ते पावसाळ्यापुरते नव्हे, तर त्याच्या दहा-बारा वर्षांच्या आयुष्यापुरते. दरवर्षीची लस, खाण्याचा खर्च आणि म्हातारपणीची शुश्रूषा त्यात आली. हे झेपणार नसेल तर झेपेल असे दुसरे घर शोधून द्यावे, यात कमीपणा नाही. विद्यार्थी मित्रांनो, दारात मुका जीव आला की आधी त्याला पाणी द्या आणि त्याच दिवशी त्याच्या घराचा शोध सुरू करा.