टोळीपासून चळवळीपर्यंत

शहरातील तरुणांच्या टोळीकडे समाज सामान्यतः गुन्हेगारीचा एक प्रकार म्हणून पाहतो. ही दृष्टी चुकीची नसली, तरी अपुरी आहे. टोळीपाशी स्वतःचे नाव, ठरलेली हद्द, सर्वमान्य नेता आणि परस्परांसाठी संकट ओढवून घेण्याची तयारी असते. संघटनेला लागणारी ही सामग्री आयतीच असते. उणीव असते ती उद्दिष्टाची. ते कसे लाभू शकते, हे अमेरिकेतील शिकागो शहराच्या ‘यंग लॉर्ड्‌स’ या टोळीच्या इतिहासावरून समजून घेता येईल.

ही टोळी १९५९ मध्ये लिंकन पार्क भागात उदयास आली. तिच्यातील बहुतेक मुले प्वेर्तो रिको बेटावरून आलेल्या श्रमिक कुटुंबांतील होती. या बेटाच्या रहिवाशांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व असले, तरी शिकागोत त्यांना परक्यासारखेच वागविले जाई. गोऱ्या मुलांच्या टोळ्यांपासून संरक्षण हा टोळीचा आरंभीचा हेतू. पुढे मारामाऱ्या हाच नित्यक्रम झाला. दरम्यान नगर-पुनर्रचनेच्या योजनांमुळे या कुटुंबांना वस्ती सोडावी लागू लागली. ज्या गल्लीसाठी मुले एकमेकांची डोकी फोडीत होती, ती गल्लीच त्यांच्या पायांखालून निसटत होती.

टोळीचा नेता होसे हिमेनेझ १९६८ मध्ये तुरुंगात होता. तेथे त्याने मार्टिन ल्यूथर किंग व माल्कम एक्स यांच्याविषयी वाचले. सुटकेनंतर, त्याच वर्षी २३ सप्टेंबरला, टोळीचे संघटनेत रूपांतर झाले. स्पॅनिश सत्तेविरुद्ध प्वेर्तो रिकोतील लारेस येथे झालेल्या उठावाला त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण होत होती.

या परिवर्तनाची कसोटी लवकरच लागली. मे १९६९ मध्ये कामावर नसलेल्या एका पोलिसाच्या गोळीने संघटनेचा एक सदस्य मारला गेला. टोळीच्या रीतीप्रमाणे सूड घेतला जावयाचा. त्याऐवजी मोर्चे निघाले. त्याच महिन्यात तरुणांनी मॅकॉर्मिक धर्मशास्त्र विद्यालयाची इमारत ताब्यात घेऊन गरिबांच्या घरांसाठी निधीचे आश्वासन मिळविले. पुढे एका चर्चमध्ये पाळणाघर व मोफत दवाखाना चालू झाला. फ्रेड हॅम्प्टन याच्या नेतृत्वाखालील कृष्णवर्णीय ‘ब्लॅक पँथर’ आणि गरीब गोऱ्यांची ‘यंग पेट्रिअट्‌स’ यांच्याशी आघाडीही झाली. न्यूयॉर्कमधील तरुणांनी याच नावाने आपली शाखा स्थापिली. महापालिका कचरा उचलीत नाही, म्हणून १९६९ च्या उन्हाळ्यात त्यांनी तो झाडून थेट हमरस्त्यावर आणून टाकला.

हा उत्कर्ष अल्पकाळच टिकला. ४ डिसेंबर १९६९ रोजी पोलिसांच्या छाप्यात हॅम्प्टन मारला गेला. पोलिसांची पाळत, खटले आणि अंतर्गत मतभेद यांनी यंग लॉर्ड्‌सही खिळखिळी झाली. १९७५ मध्ये हिमेनेझने नगरपरिषदेची निवडणूक लढविली; तीत तो पराभूत झाला.

तथापि या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. या तरुणांची निष्ठा, धाडस आणि वस्तीविषयीचे ममत्व पूर्वीचेच होते; बदलली ती प्रतिपक्षाची ओळख. शेजारच्या गल्लीतील मुलगाही आपल्यासारखाच बेघर होत आहे, हे ज्या दिवशी उमगले, त्या दिवशी टोळीचे वैर सामाजिक प्रश्नाकडे वळले. टोळ्यांच्या प्रश्नाचा विचार केवळ दंडशक्तीच्या अंगाने करणाऱ्यांनी ही शक्यता ध्यानात घेणे अगत्याचे आहे.