मनगटाचा कोन आणि तेरीज

डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी मनगटाजवळील अस्थिभंगाचे वर्णन १८१४ साली केले. क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ मध्ये. आज आपल्या हैदराबादेत, पूर्वी अस्थिरोगांचे रुग्णालय असलेल्या 'निम्स'सारख्या ठिकाणी, असे हाड फोटोवर कोन मोजून पारखतात. निरोगी मनगटात अंगठ्याकडील हाडाचे टोक तळहाताकडे सुमारे ११ अंश कललेले असते. मोडल्यावर ते बहुधा उलट बाजूस कलते. हा उलटा कल १० अंशांहून अधिक राहिला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

पण फोटोच्या वेळी हात जरासा फिरला तरी कोन बदलतो, आणि मोजणाऱ्यागणिक दोनचार अंशांचा फरक पडतो. म्हणजे ८ आणि १२ ही एकाच मनगटाची मापे असू शकतात. एक प्लास्टरकडे नेते, दुसरे शस्त्रक्रियेकडे!

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक असे नव्हे, हे आम्ही आरंभीच शिकतो. तसेच दोघांची मापे जुळली, तरी मूळ फोटोच तिरका असेल तर दोन्ही चुकीची. म्हणून हात नीट ठेवून पुन्हा फोटो, दुसऱ्या मनगटाशी तुलना आणि रोग्याचे वय व काम, हे सारे पाहूनच निर्णय व्हावा.